मुकुटाचं वर्ष आणि सीएचा अभ्यास: इन्स्टिट्यूटचं साहित्य कितपत पुरतं?

१५ जून २०१९ ला वरळीच्या सरदार वल्लभभाई पटेल इनडोअर स्टेडियममध्ये सुमन राव हिच्या डोक्यावर ‘फेमिना मिस इंडिया वर्ल्ड’चा मुकुट चढला, तेव्हा ती सीएची विद्यार्थिनी होती. मूळची राजस्थानची, वाढली नवी मुंबईत. पुढे १४ डिसेंबर २०१९ ला लंडनमध्ये मिस वर्ल्डच्या अंतिम फेरीत ती तिसरी आली. या दोन तारखांच्या मधले सहा महिने सीएच्या नजरेने बघा. त्या काळी परीक्षा वर्षातून दोनदाच व्हायची, मे आणि नोव्हेंबरमध्ये. म्हणजे त्या सहा महिन्यांत एकच अटेम्प्ट होता आणि तो पडत होता ऐन लंडनच्या तोंडावर. शिवाय मिस वर्ल्डच्या स्पर्धेत ‘ब्यूटी विथ अ पर्पज’ नावाचा समाजकार्याचा भाग असतो, तो काही शोभेचा नाही. २०१७ ची मिस वर्ल्ड मानुषी छिल्लर वैद्यकीय शिक्षण घेत होती आणि मासिक पाळीतल्या स्वच्छतेवरचा ‘प्रोजेक्ट शक्ती’ तिने याच भागासाठी उभा केला होता. किताब, समाजकार्य आणि व्यावसायिक परीक्षा एकाच वर्षात येणं ही आपल्याकडे काही अपवादाची गोष्ट राहिलेली नाही. जिल्हा आणि राज्य पातळीच्या स्पर्धा जिंकणाऱ्या मुलींमध्येही सीए, सीएस, एमबीबीएस करणाऱ्या असतातच.

अशा विद्यार्थिनीने सीए इंटरमिजिएटसाठी (सीएचा मधला टप्पा, पुढे नुसतं ‘इंटर’) सीएची परीक्षा घेणाऱ्या इन्स्टिट्यूटच्या, म्हणजे आयसीएआयच्या, बोर्ड ऑफ स्टडीजचं साहित्य वापरावं का, आणि नेमकं कसं, एवढाच या परीक्षणाचा विषय. या साहित्यात मॉड्यूल (अभ्यासाची पुस्तकं), आरटीपी (रिव्हिजन टेस्ट पेपर), मॉक टेस्ट पेपर (सराव प्रश्नपत्रिका), सजेस्टेड आन्सर्स (झालेल्या परीक्षांची नमुना उत्तरं), एमसीक्यूंच्या म्हणजे बहुपर्यायी प्रश्नांच्या पुस्तिका आणि लाइव्ह क्लासेस येतात. यातलं जवळपास सगळं इन्स्टिट्यूटच्या संकेतस्थळावर विनामूल्य आहे आणि छापील मॉड्यूल नोंदणीनंतर मागवता येतात. आमचं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. कायदा, ऑडिट, जीएसटी आणि स्ट्रॅटेजिक मॅनेजमेंटला हे साहित्य एकटं पुरतं. इन्कमटॅक्स आणि फायनान्शियल मॅनेजमेंटला पुरतं, पण शिस्त लागते. अ‍ॅडव्हान्स्ड अकाउंटिंग आणि कॉस्टिंगला मात्र ज्यांचा पाया कच्चा आहे त्यांनी फक्त यावर विसंबू नये.

साहित्य चांगलं की वाईट, हा प्रश्न आठ तास टेबलाशी बसणाऱ्या मुलासाठी वेगळा आणि किताबाच्या वर्षातल्या मुलीसाठी वेगळा असतो. तिला दिवसाचे तास कमी मिळतात असं नाही, मिळतात ते तुकड्यांत मिळतात. म्हणून तिने प्रत्येक पुस्तकाला, प्रत्येक व्हिडिओला एकच प्रश्न विचारायचा: याचा सगळ्यात लहान तुकडा केवढा, आणि तो तुकडा अर्धवट सोडून उठलं तर परत येताना किती मागे जावं लागतं?

कार्यक्रमाचा दिवस जवळून पाहिला की हे कळतं. समजा नाशिकला रक्तदान शिबिराचं उद्घाटन सकाळी अकराला आहे आणि मुलगी राहते नवी मुंबईत. रस्त्याला चार तास धरावे लागतात. मेकअप आणि केस मुंबईतच करून निघायचं तर पहाटे साडेचारला खुर्चीत बसावं लागतं, तिथे जाऊन करायचं तर आदल्या रात्री मुक्काम. मेकअप-केसांना मिळून दोन ते अडीच तास जातात. त्यातले डोळ्यांच्या मेकअपचे तीस-चाळीस मिनिटं डोळे मिटलेले असतात, तेव्हा वाचता येत नाही पण ऐकता येतं. ड्रायर सुरू असताना ऐकूही येत नाही. केसांचं काम चालू असतं तेव्हा मान हलवायची नाही, पण हात मोकळे असतात. अशा वेळी पुस्तक मांडीवर ठेवलं तर मान खाली जाते आणि हेअर ड्रेसर दर मिनिटाला हनुवटी वर करतो. टॅब डोळ्यांच्या पातळीवर स्टँडवर लावला तर सलग पन्नास मिनिटं मिळतात. खोट्या पापण्या आणि लेन्स लावल्यानंतर बारीक अक्षर वाचताना डोळे चुरचुरतात, म्हणून वाचायचं ते त्याआधी. कार्यक्रम स्वतः पाऊण तासाचा, पण पाहुणे यायचे असतात, दीपप्रज्वलन लांबतं, मागच्या खोलीत वीस-पंचवीस मिनिटांच्या दोन-तीन मोकळ्या जागा हमखास निघतात. साडीला पिना लावलेल्या, सॅश घातलेली, अशा वेळी टेबल मिळत नाही. परतीच्या प्रवासात अंग गळालेलं असतं.

या दिवसातून चार प्रकारचे वेळ निघतात: ऐकण्याचा, स्क्रीनवर वाचण्याचा, पंचवीस मिनिटांचा आणि फक्त थकव्याचा. लिहिण्याचा सलग वेळ या दिवशी नाहीच. तो दुसऱ्या दिवशी काढायचा.

पंचवीस मिनिटांना सीएच्या हिशेबात वजन आहे. इंटरचा पेपर १०० गुणांचा आणि तीन तासांचा. त्यात ३० गुण एमसीक्यूंचे आणि ७० गुण लेखी. १८० मिनिटं भागिले १०० गुण म्हणजे एका गुणाला १.८ मिनिटं. १४ गुणांच्या प्रश्नाला होतात जवळपास पंचवीस. म्हणजे मागच्या खोलीतला तो वेळ एका पूर्ण लेखी प्रश्नाचा वेळ आहे. टेबल नसेल तर तोच वेळ दोन-दोन गुणांच्या दहा-बारा एमसीक्यूंचा. इंटरला एमसीक्यूंना निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे इथे केलेली मेहनत थेट गुणांत उतरते. निगेटिव्ह मार्किंग फाउंडेशनच्या, म्हणजे सीएच्या पहिल्या टप्प्याच्या, वस्तुनिष्ठ पेपरांना असतं. दोन्हींची गल्लत करून इंटरमध्ये एमसीक्यू कोरे सोडणारी मुलं अजूनही भेटतात.

या कसोटीवर मॉड्यूलना आम्ही वरचा क्रमांक देतो. इन्स्टिट्यूटची पीडीएफ प्रकरणवार सुटी मिळते, सबंध जाडजूड फाइल उतरवावी लागत नाही. प्रत्येक प्रकरणाची रचना ठरलेली: सुरुवातीला काय शिकायचं त्याची यादी, मग मजकूर, मध्ये मध्ये सोडवलेली उदाहरणं, शेवटी ‘टेस्ट युअर नॉलेज’ आणि त्याची उत्तरं. रचना ठरलेली असल्यामुळे तीन दिवसांनी परत पुस्तक उघडलं तरी आपण कुठे होतो ते शोधायला वेळ जात नाही. अकाउंटिंग स्टँडर्ड्ससाठी, म्हणजे हिशेब मांडण्याच्या ठरलेल्या नियमांसाठी, हे फारच सोयीचं आहे. एएस २ म्हणजे इन्व्हेंटरीज, एएस १६ म्हणजे बॉरोइंग कॉस्ट्स, ही एकेक स्टँडर्ड स्वतःपुरती पूर्ण आहेत. एका बैठकीत व्याख्या आणि दोन उदाहरणं, दुसऱ्या बैठकीत शेवटचे प्रश्न. कन्सॉलिडेशन (मुख्य कंपनी आणि उपकंपन्यांचे हिशेब एकत्र करणं) किंवा कॅश फ्लो याच पद्धतीने करायला गेलात तर फसाल. कन्सॉलिडेशनचं एक मोठं उदाहरण मध्येच सोडलं की अ‍ॅनालिसिस ऑफ प्रॉफिट्सचे आकडे डोक्यातून जातात, मायनॉरिटी इंटरेस्ट परत काढावा लागतो आणि पंधरा मिनिटांचं काम पस्तीस मिनिटांचं होतं. अशी प्रकरणं मोकळ्या दिवसासाठी राखून ठेवायची. वेळापत्रक करताना प्रकरणांवर ‘तुटणारं’ आणि ‘न तुटणारं’ अशी खूण करा, तारखा नंतर टाका.

मॉड्यूलची उणीवही इथेच आहे. उदाहरणाच्या लगोलग खाली उत्तर असतं. दमलेला माणूस प्रश्न वाचतो, डोळे खाली घसरतात, उत्तर वाचतो आणि ‘आलं’ म्हणून पुढे जातो. अकाउंट्स आणि कॉस्टिंगमध्ये नापास होण्याचं हे एक मोठं कारण आहे. उपाय साधा: प्रश्न वेगळे छापून घ्या, उत्तरं टॅबवर ठेवा. दोन्ही एकाच पानावर नकोत.

दुसरी उणीव वजनाची. एकेका पेपरची दोन-तीन मॉड्यूल, सहा पेपरांचा गठ्ठा, हे सॅश-मुकुटाच्या बॅगेबरोबर गाडीत टाकून फिरता येत नाही. झेरॉक्सच्या दुकानात जाऊन मॉड्यूलचे साठ-सत्तर पानांचे भाग स्पायरल करून घ्यावेत. पुढे प्लास्टिकचं कव्हर, आडव्या बाजूला प्रकरणाचा क्रमांक मोठ्या अक्षरात. दोन पानं एका पानावर छापून कागद वाचवायचा मोह होतो, तो अकाउंट्सला टाळा. तक्त्यातले आकडे मुंगीएवढे होतात आणि कडेला वर्किंग नोट, म्हणजे उत्तरामागची आकडेमोड, लिहायला जागा उरत नाही. कायद्याला आणि ऑडिटला चालतं. मोबाइलवर अकाउंट्सचा तक्ता बघणं तर सोडूनच द्या. डावी बाजू दिसते तेव्हा उजवी दिसत नाही, आणि ताळेबंद असा अर्धा बघून कळत नसतो.

लाइव्ह क्लासेसचं रेकॉर्डिंग मिळतं आणि तेही मोफत. थेट वर्गाची वेळ किताबाच्या वर्षात पाळता येणं कठीण, म्हणून रेकॉर्डिंगचाच विचार करायचा. शिकवणारे बहुतेक जण अनुभवी आहेत, गती बेताची असते, विषयांतर कमी. खासगी क्लासमधला उत्साह आणि किस्से इथे मिळत नाहीत, ते ज्यांना हवे असतात त्यांना हे कोरडं वाटेल. पण ऐकण्याच्या वेळेसाठी हे रेकॉर्डिंग चांगलं आहे, एक अट पाळून: फक्त कायदा, ऑडिट आणि स्ट्रॅटेजिक मॅनेजमेंट ऐकायचं. अकाउंट्सचं व्याख्यान स्क्रीन न बघता ऐकलं तर ‘हा आकडा इकडून तिकडे’ एवढंच कानावर पडतं. कसारा घाटात वाचायला गेलं की मळमळतं, तिथे ऑडिटचं रेकॉर्डिंग लावावं. स्टँडर्ड्स ऑन ऑडिटिंगचे क्रमांक आणि त्यांचे विषय कानावरून पुन्हा पुन्हा गेले की बसतात. रेकॉर्डिंग आदल्या रात्री घरच्या वायफायवर उतरवून किंवा ऑफलाइन ठेवून घ्या. घाटात नेटवर्क जातं आणि अर्ध्या तासाचा ऐकण्याचा वेळ फिरत्या चक्राकडे बघण्यात जातो.

आता आरटीपी. दर अटेम्प्टला नवा निघतो आणि त्यात दोन गोष्टी असतात: त्या परीक्षेला कोणत्या दुरुस्त्या लागू आहेत आणि त्यांच्यासह प्रश्नोत्तरं. किताबाच्या वर्षात अटेम्प्ट पुढे ढकलला जाण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, आणि धोका तिथेच आहे. मेसाठी वाचलेलं पुस्तक सप्टेंबरला तसंच चालेल असं गृहीत धरू नका. कायद्यातल्या दुरुस्त्यांसाठी प्रत्येक परीक्षेची ठरावीक तारीख असते आणि इन्कमटॅक्सला कोणता वित्त कायदा लागू ते वेगळं जाहीर होतं. सध्या तर हे जास्तच जपायला हवं. १९६१ च्या आयकर कायद्याच्या जागी आयकर कायदा, २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाला आहे. कलमांचे क्रमांक बदलले, ‘प्रीव्हियस इयर’ आणि ‘असेसमेंट इयर’ या जोडीऐवजी ‘टॅक्स इयर’ आलं. जुन्या वर्षाचं टॅक्सचं पुस्तक मैत्रिणीकडून आणून अभ्यास करण्याची पद्धत आता पूर्ण बंद करावी. आपल्या अटेम्प्टला कोणता कायदा लागू आहे हे इन्स्टिट्यूटच्या घोषणेत वाचल्याशिवाय टॅक्सचं पहिलं पानसुद्धा उलटू नका.

मॉक टेस्ट पेपर हा या सगळ्यातला सगळ्यात कमी वापरला जाणारा आणि आमच्या मते सगळ्यात मोलाचा भाग. परीक्षेआधी मालिका निघते, शाखांमध्येही चाचणी घेतली जाते, घरी बसून प्रश्नपत्रिका उतरवूनही सोडवता येते. तुकड्यांत अभ्यास करणाऱ्याची एक खास कमजोरी असते: त्याला सगळं येतं, पण तीन तास सलग बसायची सवय मोडलेली असते. दीड तासानंतर अक्षर वेडंवाकडं होतं, पाठ अवघडते, बेरजेत चुका होतात. ही सवय वाचून परत येत नाही. म्हणून परीक्षेच्या आधीच्या सहा आठवड्यांत प्रत्येक पेपरचा किमान एक मॉक दुपारी दोन ते पाच या वेळेतच लिहावा, कारण खरा पेपर दोनलाच सुरू होतो. पावणेदोनला प्रश्नपत्रिका हातात येते आणि पंधरा मिनिटं वाचायला मिळतात. त्या पंधरा मिनिटांत कोणता प्रश्न सोडायचा हे ठरवण्याचा सरावही मॉकमध्येच करायचा. दुपारी दोनला जेवण अंगावर येतं, ही गोष्ट क्षुल्लक वाटते, पण सकाळी अभ्यासाची सवय असलेल्यांना पहिल्या पेपरला तीच नडते.

सजेस्टेड आन्सर्स वाचताना एक जपायला हवं. तिथली उत्तरं परिपूर्ण आणि लांब आहेत, परीक्षेत कोणी तेवढं लिहू शकत नाही आणि तेवढं लिहायची अपेक्षाही नसते. त्यातून पाठांतर करू नका. उत्तराची चौकट बघा: कायद्यात आधी तरतूद, मग दिलेली वस्तुस्थिती, मग निष्कर्ष. अकाउंट्समध्ये वर्किंग नोट्स कुठे आणि कशा मांडल्यात ते बघा. अंतिम आकडा चुकला तरी वर्किंग नोटला गुण मिळतात, आणि वर्किंग नोट मनात केली तर चुकलेल्या आकड्याबरोबर सगळंच जातं.

खासगी क्लासच्या रेकॉर्डेड बॅचशी तुलना केल्याशिवाय हे परीक्षण अपुरं राहील. क्लासचे शिक्षक अकाउंट्स-कॉस्टिंग उत्तम शिकवतात, हात बसवून देतात, यात शंका नाही. अडचण विक्रीच्या अटींमध्ये असते. व्याख्यानं बहुधा एकाच लॅपटॉपला बांधलेली, पाहण्याचे तास मर्यादित, मुदत ठरलेली. अ‍ॅडव्हान्स्ड अकाउंटिंगची पूर्ण बॅच सहज दीडशे-दोनशे तासांची असते. ज्या मुलीचा आठवडा तीन कार्यक्रमांत जातो तिचं शिल्लक राहिलेलं व्याख्यान मुदत संपली की बंद पडतं आणि मुदतवाढीला पुन्हा पैसे. घ्यायचंच असेल तर पूर्ण बॅचऐवजी फक्त अकाउंट्स आणि कॉस्टिंगची फास्ट ट्रॅक बॅच घ्या. विकत घेण्याआधी चार गोष्टी लेखी विचारा: मुदत किती, ती पहिल्या वापरापासून मोजणार की खरेदीपासून, टॅबवर चालतं का, आणि अटेम्प्ट पुढे गेला तर काय. तोंडी ‘होऊन जाईल मॅडम’वर पैसे भरू नका.

भाषेबद्दल एक शब्द. परीक्षेचं माध्यम इंग्रजी किंवा हिंदी, मराठी नाही. मराठी माध्यमातून आलेल्या आणि आता मंचावर मराठीतून बोलणाऱ्या मुलींना कायद्याच्या पेपरमध्ये इंग्रजी वाक्यं जुळवायला वेळ लागतो. मॉड्यूलमधल्या तरतुदींची वाक्यं बोट ठेवून, मोठ्याने वाचणं हा यावरचा चांगला उपाय आहे, आणि मेकअपच्या खुर्चीत तो करता येतो.

ग्रुपचा निर्णय साहित्यापेक्षा मोठा. २०२३ मध्ये आलेल्या नव्या योजनेत इंटरला सहा पेपर, तीन-तीनचे दोन ग्रुप. प्रत्येक पेपरला किमान ४० आणि ग्रुपची सरासरी ५० टक्के. तिन्ही पेपरांत ४५-४५-४५ मिळाले तर बेरीज १३५ होते, लागतात १५०, म्हणजे कुठल्याच पेपरमध्ये नापास नसताना ग्रुप गेला. दोन्ही ग्रुप एकत्र दिले तर ६०० पैकी ३०० धरले जातात आणि एका ग्रुपची जास्तीची कमाई दुसऱ्याला कामी येते, म्हणून क्लासवाले दोन्ही द्यायला सांगतात. पूर्ण वेळ अभ्यास करणाऱ्यासाठी ते बरोबर आहे. किताबाच्या वर्षात मात्र एकच ग्रुप द्यावा आणि त्यातल्या दोन पेपरांत ६० चं लक्ष्य ठेवावं. ग्रुप गेला तरी ६० मिळालेल्या पेपरला एक्झम्प्शन लागते, म्हणजे तो पेपर पुन्हा द्यावा लागत नाही, आणि ती पुढच्या तीन अटेम्प्टपर्यंत टिकते. २०२४ पासून इंटर वर्षातून तीनदा होते, जानेवारी, मे आणि सप्टेंबर. सुमन रावच्या काळी ही मोकळीक नव्हती. आता कार्यक्रमांचा हंगाम बघून अटेम्प्ट निवडता येतो. गणपती-नवरात्रात बोलावणी ओतली जातात, तेव्हा सप्टेंबरचा अटेम्प्ट घेण्यात शहाणपण नाही. जानेवारी धरला तर दिवाळीनंतरचे आठवडे कार्यक्रमांपासून राखून ठेवायचे आणि हे आयोजकांना ऑगस्टमध्येच सांगून मोकळं व्हायचं. नोंदणीनंतर परीक्षेपर्यंत आठ महिन्यांचा अभ्यासकाळ लागतो, त्यामुळे नोंदणीची तारीख चुकली तर निवडलेला अटेम्प्टच हातचा जातो.

आर्टिकलशिप, म्हणजे इंटरनंतर सीएच्या हाताखाली काम शिकण्याचा काळ, सुरू झाली की सगळं गणित बदलतं. इंटरपर्यंत हजेरीची सक्ती नाही. एमबीबीएसच्या मुलीला जी अडचण असते ती इथे नसते. पण आर्टिकलशिप म्हणजे रोजचं ऑफिस. नव्या योजनेत ती तीनवरून दोन वर्षांवर आली, आणि रजाही जुन्या मानाने फारच कमी झाल्या. जास्तीच्या रजा घेतल्या तर तेवढे दिवस पुढे भरून द्यावे लागतात. शिवाय परवानगीशिवाय दुसरा व्यवसाय करता येत नाही. त्यासाठी आधी मंजुरी घ्यावी लागते. रक्तदान शिबिराला विनामानधन जाणं वेगळं आणि ब्रँडसाठी पैसे घेऊन शूट करणं वेगळं, ही रेघ प्रिन्सिपलसमोर, म्हणजे ज्या सीएकडे काम शिकता त्यांच्यासमोर, पहिल्याच आठवड्यात स्पष्ट करा. मुकुटाचं वर्ष आणि आर्टिकलशिपचं पहिलं वर्ष एकत्र येऊ देऊ नये, असंच आम्ही प्रत्येकीला सांगतो.

समाजकार्याचे कार्यक्रम अभ्यासाचे शत्रू मानायचं मात्र कारण नाही. उलट त्यांच्यात अभ्यासक्रमच समोर उभा असतो. एखाद्या कंपनीने शाळेला संगणक दिले, त्या समारंभाला तुम्ही प्रमुख पाहुण्या आहात. ते पैसे बहुधा कंपनी कायद्याच्या कलम १३५ खालचे असतात. लगतच्या आर्थिक वर्षात ५०० कोटींची नेट वर्थ, १००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा, यातलं एक जरी लागू झालं तरी आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के खर्च करावे लागतात. कार्यक्रम पत्रिकेवर कंपनीचं नाव बघितलं की ही तीन आकडेवारी मनात म्हणा. देणगीच्या पावतीवर १९६१ च्या आयकर कायद्यातल्या ८०जी या देणगीवरच्या करवजावटीच्या कलमाचा उल्लेख वर्षानुवर्षं होत आला, आणि त्या कलमाखाली २००० रुपयांवरच्या रोख देणगीला वजावट मिळत नसे. ही पावती हातात घेऊन पाहिलेली मुलगी परीक्षेत रोख देणगीचा डाव ओळखते. आणखी एक: जिच्या नावावर लोक देणगी देतात, तिने संस्थेचे ऑडिट झालेले हिशेब मागून बघणं हे तर आपल्या व्यवसायाचं पहिलं काम आहे. ऑडिटच्या पेपरमधला ‘प्रोफेशनल स्केप्टिसिझम’ (समोर आलेलं तपासल्याशिवाय खरं न मानण्याची वृत्ती) हा शब्द तिथे जिवंत होतो.

शेवटच्या तीन आठवड्यांत काही बारीक गोष्टी सांभाळायच्या. परीक्षेला बॅटरीवर चालणारा, १२ अंकी, सहा फंक्शन आणि दोन मेमरीपर्यंतचाच कॅल्क्युलेटर चालतो. लांब अ‍ॅक्रिलिक नखांनी त्याची बटणं दाबताना बोटाचं टोक लागतच नाही, नखाची कड लागते, आणि ५ च्या जागी ८ दाबला जातो. मेमरी प्लस आणि मेमरी मायनस शेजारी शेजारी असतात, तिथे तर घोटाळा ठरलेला. पेनची पकडही बदलते, अंगठा मागे सरकतो, तासाभरात मनगट भरून येतं. नखं परीक्षेच्या निदान तीन आठवडे आधी काढून टाका, म्हणजे मॉक आणि परीक्षा एकाच हाताने लिहिल्या जातील. त्या काळातल्या कार्यक्रमांना आखूड नखांवर साधं नेल पॉलिश पुरतं.

परीक्षेचं शहर फॉर्म भरतानाच नीट निवडा. फॉर्मची मुदत संपल्यावर दुरुस्तीसाठी काही दिवस खिडकी उघडते, तेव्हा शहर, ग्रुप आणि माध्यम बदलता येतं. कार्यक्रमांचं वेळापत्रक हातात घेऊन त्या दिवसांत एकदा पुन्हा फॉर्म उघडून बघा. परदेशात दुबई, अबू धाबी, दोहा, मस्कत, काठमांडू अशी केंद्रं आहेत, लंडन त्यांत नाही. आंतरराष्ट्रीय फेरीला निवड झाली असेल तर तिकडे राहून पेपर देण्याचा विचार बाजूला ठेवून आधीचा किंवा नंतरचा अटेम्प्ट धरा, आणि आरटीपी त्याच अटेम्प्टचा उतरवून घ्या.